भुजलीचं नाव

मोहगावच्या गिरजाबाई रहांगडालेला एक जिवाभावाची मैत्रीण आहे. त्रेपन्न वर्षांची मैत्री. पण त्या मैत्रिणीचं नाव मी तुम्हाला इतक्यात सांगणार नाही. खुद्द गिरजाबाईनं ते त्रेपन्न वर्षांत एकदाही तोंडातून काढलेलं नाही. तिच्या आधी आपण घाई करावी हे बरं दिसत नाही. ती तिची भुजली. आपणही तिला भुजलीच म्हणू.

भुजली म्हणजे काय, हे आमगाव-सालेकसा पट्ट्यात कोणाला समजावावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. नागपंचमीच्या सुमारास पोरी टोपलीत माती भरून गहू पेरतात आणि टोपली घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. ऊन लागत नाही, त्यामुळे अंकुर पिवळेधमक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत तलावावर जायचं, माती पाण्यात सोडायची आणि अंकुर वाटायचे. ज्या दोघी ते अंकुर एकमेकींच्या कानामागे खोवतात, त्या भुजली झाल्या. मग जात बघायची नाही, घर बघायचं नाही. जन्माचं नातं. अट एकच, त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. नाव घेतलं की भुजली मोडली, आणि पुढच्या श्रावणापर्यंत ती पुन्हा बांधता येत नाही, असं गिरजाबाईच्या माहेरची थोरली आत्या सांगायची. आत्या भारी कडक होती. तिच्यापुढे कोणी उलट विचारलं नाही.

गिरजाबाई तेव्हा अकरा वर्षांची. पोवाराची मुलगी, घरी दहा एकर धान. भुजली गोंडाची, तिचा बाप गावची गुरं राखायचा. दोघी दिवसभर गुरांमागे भटकायच्या, मोहाच्या झाडाखाली भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींना घरी पोचवण्यासाठी चार चार फेऱ्या मारायच्या. कानामागे अंकुर खोवले त्या दिवशी आजीनं घरात कुरकुर केली. बाप म्हणाला, झालं ते झालं, आता मोडू नका. पुढे दोघींची लग्नं झाली. गिरजाबाई मोहगावला आली, भुजली जंगलाच्या कडेला कोसमटोल्याला गेली. दोन्ही गावांत अंतर चौदा किलोमीटर.

या चौदा किलोमीटरांत गिरजाबाईचं अर्धं आयुष्य आहे. तिचं दुसरं बाळ आठव्या दिवशी गेलं तेव्हा भुजली भर भादव्यात चिखल तुडवत पायी आली. तीन दिवस राहिली आणि तीन दिवसांत सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. चूल पेटवली, भात घातला, गिरजाबाईच्या डोक्याला तेल लावलं. पहिल्या दिवशी सासू तिच्या हातचं जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोट्टीच्या हाताले चव आहे." भुजलीचा नवरा गेला तेव्हा गिरजाबाईनंही तेच केलं. गेली, चूल पेटवली, गप्प बसली.

पण भुजली स्वभावानं तिखट. उमेंद्रच्या, म्हणजे गिरजाबाईच्या मुलाच्या, लग्नाची पत्रिका तिला चार दिवस उशिरा पोचली तर लग्नाला आली नाहीच, शिवाय वर्षभर अबोला धरला. ते वर्ष गिरजाबाईला अजून आठवतं. शाळेत खिचडी शिजवायचं काम होतं तिच्याकडे. त्या वर्षी दोनदा मीठ घालायचं विसरली आणि एकदा दोनदा घातलं. पोरांनी बिचाऱ्यांनी तेही खाल्लं.

तर हे असं नातं. आता मशीनची गोष्ट.

पौषातल्या एका दुपारी गिरजाबाई अंगणात लाखोरीची, म्हणजे लाखेच्या डाळीच्या रोपांची, कोवळी भाजी वाळत घालत होती. नवरा झामसिंग आमगावच्या बाजाराला गेलेला. उमेंद्र नागपूरला नोकरीत. शेजारपाजार शेतात. अशा वेळी पाठीला बॅग आणि हातात मोबाईल घेतलेली एक मुलगी फाटक उघडून आत आली. नाव रुची. गोंदियाच्या कॉलेजात समाजकार्य शिकते. खेड्यातली म्हातारी माणसं किती सुखी आहेत, हे मोजायला कॉलेजनं पोरं गावोगाव पाठवली होती. सुख मोजायला! आपल्याकडे कोण काय मोजेल याचा भरवसा नाही.

"आजी, टेन्शन नका घेऊ, एकदम आसान सवाल आहेत," रुची म्हणाली. मुलगी गोड होती, जीभही मोकळी. काल कोणत्या गावात कोणत्या आजोबांनी काय मजेदार उत्तर दिलं, हे तिनं पाणी पिता पिता सांगूनही टाकलं. मग मोबाईलवर एक शिडी दाखवली. दहा पायऱ्यांची. "समजा, सर्वात वरच्या पायरीवर सर्वात सुखी माणूस उभा आहे. तुम्ही कुठं आहात?"

गिरजाबाईनं शिडी नीट पाहिली. "वर चढून का करू व बाई? गुडघे दुखून राहिले."

"तसं नाही आजी. मनानं."

"मनानं म्हनशीन तं मी इथंच बरी आहो. खाली. भाजी वाळत घालून राहिली."

रुचीनं हसून सात लिहिलं. असे पंधरा-वीस प्रश्न झाले. झोप लागते का, जेवण जातं का, राग येतो का. राग येतो का विचारल्यावर गिरजाबाई म्हणाली, "नवरा घरी असला तं येते." तेही लिहिलं गेलं. मग मुलीनं विचारलं, "अडचण आली तर घराबाहेरचं कोणी धावून येईल, असं आहे का?"

"आहे ना. माही भुजली."

"नाव?"

गिरजाबाई भाजी पसरत म्हणाली, "नाव नाई घेत मी."

"काहून आजी?"

"भुजलीचं नाव घेत नसतेत."

रुचीला वाटलं, भांडण झालेलं असेल. गिरजाबाईनं समजावलं. मुलीला ते फारच आवडलं, हाऊ स्वीट असं काहीतरी म्हणाली. पण मोबाईलला ते आवडलं नाही. नावाची जागा रिकामी ठेवली की मशीन पुढे सरकत नव्हती. "भुजली" असंच लिही म्हटलं तर रुचीच्या सरांची सक्त ताकीद होती, की काकू-मामी असलं नातं चालणार नाही, पूर्ण नाव पाहिजे. गेल्या आठवड्यात तिचे नऊ फॉर्म परत आले होते. झामसिंग घरी असता तर त्यानं नाव सांगितलं असतं आणि गोष्ट इथंच संपली असती. पण झामसिंग बाजारात कांद्याची पात निवडत होता.

"आजी, फक्त एकदा. हळूच. कोणाला कळणार?"

"मले कळन ना."

मुलीनं घड्याळ पाहिलं. अजून चार घरं बाकी होती. "मग दुसरा ऑप्शन एकच आहे," म्हणत तिनं बोट टेकवलं. खाली लिहून आलं: कोणी नाही. गिरजाबाईला सही करण्याइतपत वाचता येतं. तिनं अक्षरं लावली आणि मोबाईलकडे बोट केलं.

"पुस बाई थे. असं कसं लिहिलंस?"

"गेलं आजी. पाठवलं की आपल्या हातात नसतं." रुचीचा चेहराही जरा उतरला. "काही होत नाही त्यानं, खरंच. फक्त अभ्यासासाठी आहे." आणि बॅग उचलता उचलता म्हणाली, "उद्या सकाळी कोसमटोला करायचंय. तिकडे बस जाते ना?"

गिरजाबाई भाजी तशीच टाकून पायरीवर बसली. कॉलेजच्या कागदावर काय लिहिलं, याचं तिला एवढं काही नव्हतं. भीती वेगळीच होती. ही बोलकी पोरगी उद्या भुजलीच्या अंगणात बसणार. पाणी पिता पिता सांगणार, की काल मोहगावात एक रहांगडाले आजी भेटली, तिला म्हणे या जगात कोणी नाही. पत्रिका चार दिवस उशिरा गेली म्हणून वर्षभर न बोललेली बाई हे ऐकून काय करील? आणि आता दोघींच्या वयाला एक वर्षाचा अबोला म्हणजे थोडाथोडका नव्हे. पुन्हा तोंड बघायला मिळेल याची खात्री कोणी द्यावी?

संध्याकाळी झामसिंग आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतली पात बाहेर काढत म्हणाला, "फोन कर ना."

"असं फोनवर सांगतेत का?"

"मंग जाऊन ये. मी भात शिजवीन." हा माणूस दहा वर्षांत एकदा असं बोलतो.

सकाळी ती लवकर निघाली, पण काळी-पिवळी काही लवकर निघाली नाही. मोहगावच्या चौकात ती जीप बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. गिरजाबाई पाचवी होती. बाकीचे सात येईपर्यंत ती खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत राहिली. भुजली, असं असं झालं. भुजली, म्या नाई म्हनलं, मशीननं म्हनलं. भुजली, तू रागावू नोको. कोणतंच वाक्य धड वाटेना. फाट्यावर उतरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तिथून कोसमटोला दोन किलोमीटर पायवाट. धान कापलेल्या बांध्यांत लाखोरीची निळी फुलं आली होती. एरवी गिरजाबाई थांबून चार शेंडे खुडते. आज सरळ चालत गेली, गुडघ्यांचं ऐकलं नाही.

भुजलीच्या घराला बांबूचं कुंपण आहे. गिरजाबाई कुंपणापाशी पोचली आणि थबकली. आतून रुचीचा आवाज येत होता. उशीर झाला होता. फटीतून दिसत होतं: मुलगी खाटेवर, भुजली जमिनीवर सुपात तुरीच्या शेंगा सोलत.

"...घराबाहेरचं कोणी धावून येईल असं, आजी?" रुची विचारत होती.

"आहे."

"पण नाव सांगावं लागेल बरं का. पूर्ण नाव."

शेंगा सोलणारे हात थांबले. मग भुजलीनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं:

"गिरजा. गिरजा झामसिंग रहांगडाले. गाव मोहगाव. वय चौसष्ट. माह्यापेक्षा चार महिन्यानं लहान आहे, पन वागते मोठ्या बहिनीवानी. तेही लिही."

कुंपणाबाहेर गिरजाबाईला धरायला बांबू लागला. पहिल्यांदा ती घाबरली. आत्या आठवली. त्रेपन्न वर्षं राखलेलं एका क्षणात गेलं, असं तिला वाटलं. पण त्या भीतीच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी छातीत भरून आलं, आणि ते भीतीपेक्षा कितीतरी मोठं होतं. गिरजा! तिला हे नाव कोण घेतं? नवरा अवो म्हणतो. गाव उमेंद्रची माय म्हणतं. शाळेतली पोरं खिचडीवाली आजी म्हणायची. आईबाप गेले, भाऊ गेला, आत्या तर कधीच गेली. आधार कार्डावर आहे तेवढंच. आणि आता हे नाव अशा तोंडून आलं होतं, की जे तोंड भुजली होण्याआधी ते नाव घेत गुरांमागे धावायचं. गिरजाबाईला रडू आलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की आपण कशासाठी आलो होतो हेच ती क्षणभर विसरली.

ती आत गेली. भुजलीनं तिला पाहिलं आणि तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

"आयकलंस का?"

"आयकलं."

रुची एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली. "अरे, आजी! तुम्ही?"

पण भुजलीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचा काळा तुकतुकीत चेहरा फिका पडला होता. ती घाईघाईनं सांगू लागली, "मी का करू मंग? ह्या पोट्टीनं सांगतलं, काल एका गावातल्या बाईच्या कागदावर 'कोनी नाई' असं लागलं. कायले, तं तिनं नाव नाई सांगतलं म्हनून. मले बापा लय वाईट वाटलं त्या बाईचं. मी म्हनलं, माह्या कागदावर असं नाई लागू देत मी. माही भुजली जिती असताना मी कोनी नाई लिहू देऊ? मोडली तं मोडू दे. म्हनून घेतलं."

रुचीनं गावाचं नाव सांगितलं नव्हतं, माणसाचंही नाही. गिरजाबाईला आता गप्प राहता आलं असतं. चहा पिऊन, शेंगा सोलून घरी जाता आलं असतं, आणि भुजलीला जन्मात कळलं नसतं. असा विचार तिच्या मनात आलाही. तो तिनं फार वेळ ठेवला नाही.

"थे बाई मीच," ती म्हणाली.

भुजलीनं आधी रुचीकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"तू मले कोनी नाई म्हनलीस?"

"म्या म्हनलं, भुजली आहे. हिनं नाव मांगतलं. मी नाई घेतलं. मंग मशीननं तसं लिहिलं. तू रागावशीन म्हनून पहाटेपासून निंगाली, पन जीपच नाई भरली."

दिवसभर नावंच लिहिणाऱ्या रुचीला कालच्या आजीचं नाव आत्ता आठवलं. ती खाटेवरून उठली, पुन्हा बसली, सॉरी म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. भुजलीनं सांडलेल्या शेंगा एकेक करून सुपात गोळा केल्या. तिला वेळ लागला. गिरजाबाई उभीच होती, आणि त्या वेळात तिला लग्नाच्या पत्रिकेचं ते आख्खं वर्ष पुन्हा दिसलं.

शेवटी भुजली म्हणाली, "म्हंजे तू राखलंस, अन मी मोडलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खाली मान घालून बसली होती, आणि त्रेपन्न वर्षांत गिरजाबाईनं तिला कोणाहीपुढे खाली मान घातलेली पाहिलं नव्हतं. माफी मागायला आपण आलो आणि ओशाळलेली ही बसली आहे, हे गिरजाबाईला बघवेना. ती तिच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघे कुरकुरले. तिनं सुपातली एक शेंग उचलली, सोलली. मग म्हणाली,

"सुकवारो."

आणि लगेच पुढे, जरा मोठ्यानं, "सुकवारो, पानी दे व. कव्हाची चालून राहिली मी."

सुकवारो उईके. शुक्रवारी जन्मलेली म्हणून सुकवारो. तिनं वर पाहिलं. तोंडाला पदर लावला. मग पदरातूनच हसू फुटलं, आणि ते हसू इतका वेळ चाललं, की पाणी शेवटी रुचीनंच उठून आणून दिलं.

"आता दोघीनंही मोडलं," सुकवारो डोळे पुसत म्हणाली. "आत्या असती तं झोडपली असती."

"बांधू ना पुन्हा. श्रावन येतेच हाय."

"पुस, माघ, फागुन..." सुकवारोनं बोटांवर धरलं. "यंदा अधिक मास आहे. आठ महिने लागतेत."

"आठ तं आठ."

"आन तोवर?"

"तोवर नावानं."

त्या दुपारी दोघींनी पाच घरांना पुरेल एवढी तूर सोलली. रुचीचा कागद काही दुरुस्त झाला नाही. गोंदियाच्या त्या कॉलेजच्या अहवालात मोहगावची चौसष्ट वर्षांची एक बाई अजूनही जगात एकटीच आहे, शिडीच्या सातव्या पायरीवर. असू दे बापडी.

उन्हं कलली तेव्हा गिरजाबाई निघाली. सुकवारो अर्ध्या वाटेपर्यंत पोचवायला आली, मग लाखोरीच्या बांधावर उभी राहिली. गिरजाबाई चालू लागली आणि दहा पावलांवर मागून हाक आली, "गिरजाऽऽ!" काही काम नव्हतं. नुसती हाक. गिरजाबाईनं वळून ओरडून उत्तर दिलं, "काय व सुकवारोऽऽ!" पुन्हा दहा पावलं, पुन्हा हाक. असं फाट्यापर्यंत चाललं. मोहगावकडे जाणारी जीप तिथं उभी होती, आणि ड्रायव्हर दुर्गाप्रसाद टपावर पिशव्या बांधता बांधता हे सगळं बघत होता.

"म्हातारे, कोनाले हाका मारून राहिलीस?"

गिरजाबाई दम खात जीपच्या दाराला धरून उभी राहिली. बांधावरची ती बाई आता लहानशी दिसत होती.

"मैतरीन आहे माही," ती म्हणाली. "सुकवारो नाव आहे तिचं. सुकवारो उईके. कोसमटोल्याची." दुर्गाप्रसादनं मान हलवली आणि तो दोर आवळू लागला. त्यानं पुढे काही विचारलं नव्हतं. पण गिरजाबाई बोलतच राहिली: वय चौसष्ट, चार महिन्यांनी मोठी, बाप गुरं राखायचा, हाताला चव आहे, राग नाकावर आहे, आणि जीप भरेपर्यंत जो जो माणूस येऊन शेजारी बसला, त्या प्रत्येकाला तिनं ते नाव पहिल्यापासून सांगितलं.